चुकलं तर पुढे काय?

पुण्यात बाणेर, खराडी, हिंजवडीच्या पट्ट्यात बॅकएंडच्या कामावर नव्यानं रुजू होणाऱ्या मुलामुलींच्या गाठीशी काय असतं, हे आता जवळजवळ ठरून गेलं आहे. पहिल्या वर्षाला सी, मग जावा, शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला पायथन किंवा नोड, आणि कॅम्पसच्या परीक्षांसाठी घोटून पाठ केलेली डेटा स्ट्रक्चर्स. रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात टीम लीड सांगतो, ‘आपल्या सगळ्या सर्व्हिसेस गोमध्ये आहेत. चार-पाच दिवस घे आणि शिकून टाक.’ त्यात अतिशयोक्ती नसते. गो ही खरोखरच लहान भाषा आहे. तिच्यात राखीव शब्द अवघे २५. लूपसाठी ‘फॉर’ हा एकच शब्द. ‘व्हाइल’ नाही, ‘डू-व्हाइल’ नाही. क्लास नाहीत, इनहेरिटन्स नाही, एक्सेप्शन नाहीत. जावा येणारी मुलगी सोमवारी सुरुवात करते आणि शुक्रवारपर्यंत तिचा छोटासा सर्व्हर उभा असतो.

खरं शिक्षण त्यानंतरचं. नव्यांच्या शेजारी बसून त्यांचा कोड वाचणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे, त्यामुळे ते शिक्षण कसं होतं आणि कुठे अडतं, हे मी जवळून पाहत आलो आहे.

बॅकएंड म्हणजे काय, हे ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दहावीच्या निकालाच्या दिवशी राज्यभरातून लाखो लोक ठरलेल्या वेळेला एकदमच आसनक्रमांक टाकून बटण दाबतात. त्या प्रत्येक बटणामागे कुठल्यातरी मशीनवर एक प्रोग्राम ती रिक्वेस्ट घेतो, डेटाबेसला विचारतो आणि उत्तर परत पाठवतो. सगळं सुरळीत असताना हे काम सोपं आहे, कॉलेजच्या प्रोजेक्टमध्येही ते होऊन जातं. पण डेटाबेस उत्तर द्यायला वीस सेकंद घेऊ लागला, मधलं नेटवर्क तुटलं, दोघांनी एकाच क्षणी एकच नोंद बदलायला घेतली, मशीन मध्येच बसलं, तर त्या प्रोग्रामनं काय करायचं? पगार मिळतो तो हे ठरवण्याचा. गो शिकवताना मला सतत जाणवत आलेली गोष्ट अशी, की ही भाषा लिहिणाऱ्याला पदोपदी हाच प्रश्न विचारते. आणि आपल्या अभ्यासक्रमात नेमका हाच प्रश्न कुणी विचारलेला नसतो.

*

गोचा जन्म सप्टेंबर २००७ मधला, गूगलमधला. तिघांनी मिळून फळ्यावर तिचा आराखडा मांडायला सुरुवात केली. रॉबर्ट ग्रीझमर हे स्विस. ‘पास्कल’कर्ते निकलाउस विर्थ ज्या झुरिकच्या ईटीएचमध्ये शिकवत, तिथे तयार झालेले. रॉब पाइक बेल लॅब्समधून आलेले. आणि तिसरे केन थॉम्पसन, ज्यांनी डेनिस रिची यांच्यासोबत युनिक्स घडवली आणि १९८३ साली ट्युरिंग पुरस्कार मिळवला. साठी ओलांडलेला हा माणूस नव्या भाषेच्या कंपायलरचा पहिला मसुदा लिहायला बसला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

नवी भाषा काढण्याचं कारण साधं होतं. सी प्लस प्लसमधला एक मोठा प्रोग्राम कंपाइल व्हायला पाऊण तास लागत होता आणि पाइक वाट बघत बसले होते. हा वेळ कुठे जातो, याचा हिशेब त्यांनी पुढे २०१२ मध्ये एका व्याख्यानात मांडला. गूगलचा एक मोठा प्रोग्राम मोजला, तर मूळ कोड सुमारे ४.२ एमबी. पण सी प्लस प्लसमध्ये प्रत्येक फाइल आपल्याला लागणाऱ्या हेडर फाइली आत ओढते, त्या आणखी हेडर ओढतात. हे सगळं उलगडून कंपायलरच्या पुढ्यात पडायचं तेव्हा ते आठ जीबीच्या वर गेलेलं असायचं. सुमारे दोन हजार पट!

गोचे जे नियम नव्या मुलांना जाचक वाटतात, त्यांची मुळं इथे आहेत. एखादं पॅकेज इम्पोर्ट केलं आणि वापरलं नाही, तर गोचा कंपायलर नुसती सूचना देऊन थांबत नाही. प्रोग्राम बनवायलाच नकार देतो. व्हेरिएबल जाहीर करून वापरलं नाही, तरी नकार. दोन पॅकेजेसनी एकमेकांना इम्पोर्ट केलं, तरी नकार. पहिल्या दिवशी मुलं वैतागतात. एका ओळीवर काहीतरी तपासून बघायचं असतं आणि कंपायलर भलत्याच ओळीपाशी अडून बसतो. पण न वापरलेलं व्हेरिएबल बरेचदा खऱ्या चुकीची खूण असते: उत्तर एका व्हेरिएबलमध्ये घेतलं आणि पुढे दुसरंच पाठवलं. जी चूक जावामध्ये टेस्टिंगपर्यंत गेली असती, ती इथे सेव्ह करताक्षणी समोर येते. आणि हे सगळं लवकर कळतं, कारण कंपाइल व्हायला वेळच लागत नाही. चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवरसुद्धा मध्यम आकाराचा प्रोग्राम काही सेकंदांत तयार होतो. घरची परिस्थिती बेताची असलेल्या विद्यार्थ्याला ही केवढी मोठी सोय आहे, हे शहरात बसून चटकन लक्षात येत नाही.

१० नोव्हेंबर २००९ ला गो सर्वांसाठी मोफत खुली झाली आणि २८ मार्च २०१२ ला १.० आवृत्ती आली. त्या वेळी एक वचन दिलं गेलं: आज लिहिलेला प्रोग्राम १.० च्या पुढच्या सगळ्या आवृत्त्यांमध्ये चालेल. ते आजवर पाळलं गेलं आहे. पायथन २ वरून ३ वर जाताना जगभरच्या कंपन्यांची जी वर्षानुवर्षं फरफट झाली, ती ज्यांनी सोसली आहे त्यांना या वचनाची किंमत कळेल.

कंपाइल होणाऱ्या भाषेचा आणखी एक फायदा सर्व्हरवर पोचल्यावर कळतो. पायथनचा प्रोग्राम पाठवायचा तर तिकडे पायथन हवं, नेमक्या आवृत्तीचं हवं, सगळ्या लायब्ररी हव्यात. जावाला तिचं व्हर्च्युअल मशीन हवं. गो कंपाइल झाली की एकच फाइल हातात येते. लागणारं सगळं तिच्यात असतं. फाइल सर्व्हरवर ठेवली आणि चालवली, झालं. दोन सेटिंग्ज बदलून विंडोजच्या लॅपटॉपवर लिनक्सची फाइल बनवता येते. प्रोग्राम कंटेनरमध्ये बांधून चालवणारं डॉकर २०१३ मध्ये आणि असे कंटेनर सांभाळणारं कुबर्नेटीस २०१४ मध्ये आलं. दोन्ही गोमध्ये लिहिलेली. आज क्लाउडवर जे काही चालतं त्याचा मोठा भाग याच दोघांच्या खांद्यावर आहे. हिंजवडीतल्या टीम लीडचं ‘शिकून टाक’ येतं ते इथून.

*

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

गोमध्ये फाइल उघडायची, डेटाबेसला विचारायचं किंवा दुसऱ्या सर्व्हरला हाक मारायची, तर ते फंक्शन सहसा दोन गोष्टी परत देतं: हवं ते उत्तर, आणि एरर. सगळं नीट झालं असेल तर एररच्या जागी ‘निल’, म्हणजे काही नाही. मग पुढची ओळ ठरलेली: ‘इफ एरर नॉट इक्वल टू निल’, आणि कंसात काय करायचं ते. गोचा कुठलाही प्रोग्राम उघडा, ही ओळ पानापानावर दिसेल. नव्या माणसाची पहिली तक्रार हीच असते. जावामध्ये एक्सेप्शन आपोआप वर जातं, कुणीतरी वरचा ते पकडतो. इथे प्रत्येक ठिकाणी हातानं का लिहायचं?

तक्रार खोटी नाही. गोच्या टीमनंही ती मनावर घेतली होती. २०१८ मध्ये एक पर्याय मांडला गेला, २०१९ मध्ये दुसरा, २०२४ मध्ये तिसरा. प्रत्येक वेळी भरपूर चर्चा झाली, एकमत झालं नाही. शेवटी जून २०२५ मध्ये टीमनं जाहीर केलं, की एररसाठी भाषेची मांडणी बदलण्याचा नाद आता सोडला आहे. मला हा निर्णय योग्य वाटतो, आणि त्याचं कारण शिकवण्याच्या अनुभवातून आलेलं आहे. ती ओळ लिहायला लागणारे काही क्षण हेच त्या मुलाला विचार करायला मिळणारे क्षण असतात. इथे डेटाबेस गेला तर ग्राहकाला काय सांगायचं? पुन्हा प्रयत्न करायचा का? पैसे कापले गेले असतील आणि नोंद झाली नसेल, तर पुन्हा प्रयत्न केल्यावर दोनदा कापले जातील का? एक्सेप्शन असलेल्या भाषेतही हे प्रश्न असतात, पण ते नजरेआड राहू शकतात. गोमध्ये टाळायचे असतील तर सहसा एररच्या जागी अंडरस्कोअर टाकावा लागतो, आणि कोड तपासताना माझी नजर सगळ्यात आधी त्या अंडरस्कोअरवर जाते.

एररला संदर्भ जोडण्याची सोय १.१३ या आवृत्तीत, २०१९ मध्ये, भाषेसोबतच मिळू लागली. प्रत्येक पायरीवर एररच्या आधी आपण काय करत होतो ते लिहायचं. नीट लिहिलं असेल तर रात्री दोन वाजता फोन वाजल्यावर लॉगमध्ये एकच ओळ सापडते: ऑर्डर नोंदवताना, ग्राहकाचा पत्ता शोधताना, डेटाबेसनं कनेक्शन नाकारलं. झोपेतून उठलेल्या माणसाला एवढं पुरतं. लिहिलं नसेल तर नुसतं ‘कनेक्शन नाकारलं’ दिसतं आणि पुढचा तास कुणाचं, कुठलं हे शोधण्यात जातो.

*

सोलापूरकडच्या कॉलेजातून आलेली, मराठी माध्यमात शिकलेली एक मुलगी आमच्याकडे होती. तिनं एक सर्व्हिस लिहिली: ग्राहकानं पार्सलची चौकशी केली की कुरिअरवाल्यांच्या सर्व्हरला विचारून उत्तर द्यायचं. कोड स्वच्छ होता, एरर प्रत्येक ठिकाणी तपासलेली होती, टेस्ट पास होत होत्या. मी विचारलं, ‘समोरचा सर्व्हर बोललाच नाही तर?’

‘एरर येईल ना, सर. ती हँडल केलीय.’

‘एरर पण नाही. त्यानं फोन उचलला आणि गप्प बसला, तर?’

ती थांबली. मग तिनं स्वतःच एक खोटा सर्व्हर लिहिला. पंधरा-वीस ओळींचा; रिक्वेस्ट घ्यायची आणि झोपून जायचं, एवढंच त्याचं काम. आपली सर्व्हिस त्याच्याकडे वळवली आणि दर सेकंदाला चालू गोरूटीन किती आहेत तो आकडा पडद्यावर छापायला लावला. मग सर्व्हिसवर रिक्वेस्टचा मारा सुरू केला. आकडा शेकड्यात गेला, हजारात गेला, वाढतच राहिला. मेमरी फुगत गेली. एकही एरर आली नाही. लॉग कोरा. गोमध्ये वेबसाठी जो तयार क्लायंट मिळतो, त्याला आपण सांगितल्याशिवाय वेळेची मर्यादाच नसते; तो अनंत काळ वाट बघायला तयार असतो. हे डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलेलं आहे, पण तो वाढता आकडा पाहिल्याशिवाय ते अंगात मुरत नाही. तिनं दोन सेकंदांची मर्यादा घातली, ‘कॉन्टेक्स्ट’ वापरून ग्राहकच निघून गेला तर मागचं कामही थांबेल अशी सोय केली, आणि आकडा खाली येऊन स्थिरावला. त्यानंतर तिच्या कोडमध्ये टाइमआउट नाही असं मी पाहिलेलं नाही.

गोरूटीन म्हणजे काय, हे इथे सांगायला हवं, कारण गोची ख्याती त्यावर आहे. एकाच वेळी अनेक कामं करायची तर ऑपरेटिंग सिस्टिम थ्रेड देते, पण ते महाग पडतात. जावामध्ये एका थ्रेडच्या स्टॅकसाठी साधारण एक एमबी राखून ठेवली जाते. गोरूटीनचा स्टॅक दोन केबीपासून सुरू होतो आणि गरजेप्रमाणे वाढतो. हजारो गोरूटीन थोड्याच थ्रेडवर आळीपाळीनं चालवण्याचं काम गोचा शेड्युलर करतो. त्यामुळे प्रत्येक रिक्वेस्टला एक स्वतंत्र गोरूटीन देणं परवडतं, आणि प्रोग्राम लिहिणाऱ्याला सरळ, वरून खाली वाचता येईल असा कोड लिहिता येतो. जावानं सप्टेंबर २०२३ मध्ये, २१ व्या आवृत्तीत व्हर्च्युअल थ्रेड आणले, ते याच गरजेपोटी.

गोरूटीन एकमेकांशी चॅनलमधून बोलतात. ही कल्पना सर टोनी होअर यांच्या १९७८ सालच्या शोधनिबंधातली. आणि गोमधला जो ‘निल’ चुकीच्या जागी सापडला की चालता प्रोग्राम कोसळतो, त्याचाही उगम होअर यांच्यापाशीच जातो. १९६५ मध्ये त्यांनी एका भाषेत ‘नल’ आणला आणि २००९ मध्ये जाहीरपणे त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. गोनं त्यांचा उत्तम विचारही घेतला आणि ती चूकही ठेवली. माझ्या मते या भाषेची ही सगळ्यात मोठी उणीव आहे, आणि बाकी इतक्या गोष्टींत काळजी घेणाऱ्या तिघांनी ती का राहू दिली, हे मला कधी पटलेलं नाही.

गोरूटीन स्वस्त असल्यामुळे एक धोकाही वाढतो. दोन गोरूटीननी एकाच वेळी एकच आकडा बदलला तर? शिल्लक जागा एक आहे, दोघांनीही ती वाचली, दोघांनीही आपली म्हणून नोंदवली. टेस्टमध्ये हे हजारात एकदाही दिसत नाही, आणि गर्दीच्या दिवशी दिसतं. गोसोबत २०१३ पासून रेस डिटेक्टर येतो. टेस्ट चालवताना एक शब्द जास्त लिहिला की चालत्या प्रोग्राममधली अशी झटापट तो पकडतो आणि कुठल्या दोन ओळी भिडल्या ते दाखवतो. कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात ‘रेस कंडिशन’ची व्याख्या लिहून गुण मिळवलेली मुलं हा रिपोर्ट पहिल्यांदा बघतात, तेव्हा त्यांना ती व्याख्या पहिल्यांदा समजते.

*

मराठी वाचकाला या भाषेत एक जास्तीची आवड वाटावी अशी गोष्ट आहे. ही भाषा घडवणारे थॉम्पसन आणि पाइक हेच यूटीएफ-८ चे जनक. सप्टेंबर १९९२ च्या सुमारास, न्यू जर्सीतल्या एका डायनरमध्ये रात्रीच्या जेवणाला बसले असताना थॉम्पसन यांनी टेबलावरच्या प्लेसमॅटवर तिची मांडणी केली. आज फोनवर आपण मराठीत जो मजकूर पाठवतो, तो जवळजवळ नेहमी याच पद्धतीनं बाइट्समध्ये उतरतो. इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन.

‘मराठी’ या शब्दाची लांबी गोला विचारा. उत्तर येतं १५. इंग्रजीवर वाढलेला विद्यार्थी चक्रावतो. आपल्या डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात: म, रा, ठी. युनिकोडच्या लेखी ती पाच चिन्हं आहेत, कारण काना आणि वेलांटी वेगळी मोजली जाते. पाच त्रिक पंधरा बाइट. गोची ‘लेन’ बाइट मोजते; तोच शब्द ‘रेंज’ लावून फिरवला तर पाच फेऱ्या होतात; आणि तीन हे उत्तर हवं असेल तर वेगळी लायब्ररी घ्यावी लागते.

याचा परिणाम पोटापाण्याचा आहे. नावाच्या रकान्यात पहिले ५० बाइट ठेवायचे असं कुणी ठरवलं, तर इंग्रजी नाव बहुधा पूर्ण बसतं. सलग देवनागरी मजकुराची त्यात १६ चिन्हं बसतात आणि सतराव्याचे दोन बाइट लोंबकळत राहतात. पडद्यावर तिथे चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटतं. पावत्यांवर, दाखल्यांवर, मेसेजमध्ये तुटलेली मराठी नावं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांतल्या बऱ्याचशांच्या मागे अशीच कुठेतरी बाइट मोजून मारलेली कात्री असते. ज्याला ‘मराठी’ची लांबी १५ का येते हे एकदा कळलं, तो हे करणार नाही. म्हणून मी नव्या मुलांना गोमधलं पहिलं स्ट्रिंग स्वतःच्या देवनागरी नावाचं घ्यायला लावतो.

मग मुलं विचारतात, व्हेरिएबलची नावंसुद्धा मराठीत ठेवता येतील का? अर्धवट. दूध संकलन केंद्राचा हिशेब लिहायला घेतला, तर ‘वजन’ आणि ‘दर’ ही नावं गो स्वीकारते. ‘किंमत’ मात्र स्वीकारत नाही. नावात अक्षर आणि अंकच चालतील असा नियम आहे, आणि वेलांटी, काना, अनुस्वार हे युनिकोडच्या वर्गवारीत अक्षर ठरत नाहीत. शिवाय पॅकेजबाहेर दिसणारं नाव कॅपिटल अक्षरानं सुरू व्हावं लागतं, आणि देवनागरीला कॅपिटल नाही. म्हणजे ‘वजन’ चाललं तरी ते आपल्या पॅकेजच्या उंबऱ्याबाहेर जाऊ शकत नाही. यूटीएफ-८ ज्यांनी दिली त्यांच्याच भाषेत आपली मात्रा दाराशी अडावी, हे मला खटकतं. हा नियम सैल करता येण्यासारखा आहे आणि तो व्हावा.

भारताशी संबंधित दुसरा एक खड्डा वेळेचा. लॅपटॉपवर ‘एशिया/कोलकाता’ विचारलं की गो साडेपाच तासांचा फरक बरोबर लावते. तोच प्रोग्राम अगदी रिकाम्या कंटेनरमध्ये टाकला की एरर देतो, कारण जगाच्या वेळांची यादी गो ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेते आणि त्या कंटेनरमध्ये ती नसते. २०२० मधल्या १.१५ आवृत्तीपासून ही यादी प्रोग्रामच्या आतच भरून पाठवता येते. ज्यानं ती एरर अंडरस्कोअरमध्ये टाकली असेल, त्याचा प्रोग्राम ती वेळ वापरायला जाईल तेव्हा थेट कोसळेल.

*

भारतात गोचं बस्तान बसलेलं आहे. गोफरकॉन इंडिया ही परिषद २०१५ मध्ये बंगळुरूत सुरू झाली आणि २०१८ मध्ये पुण्यात भरली. बंगळुरूच्या झिरोधा या शेअर दलाली कंपनीच्या तंत्रज्ञांनी २०२४ मध्ये स्वतःच्या कामाचा एक वृत्तांत लिहिला, तो शिकणाऱ्यानं आवर्जून वाचावा असा आहे. ज्या ग्राहकानं त्या दिवशी व्यवहार केला, त्याला कॉन्ट्रॅक्ट नोट पाठवणं नियमानं बंधनकारक आहे. रोज १५ लाखांवर पीडीएफ बनवायच्या, त्यांवर डिजिटल सही करायची, ईमेल करायच्या. जुन्या पद्धतीनं यात सात-आठ तास जात. नवी व्यवस्था ते २५ मिनिटांत करते.

ही गोष्ट गोच्या कौतुकासाठी सांगितली जाते, पण वृत्तांत वाचला की चित्र वेगळं दिसतं. कामं वाटणारा आणि करणारा कोड गोमध्ये आहे हे खरं. पण मोठा वेळ वाचला तो पीडीएफ जुळवण्याचं साधन बदलल्यामुळे; ब्राउझरवरून लाटेकवर आणि तिथून टिप्स्टवर आल्यामुळे. टिप्स्ट ‘रस्ट’ या दुसऱ्या भाषेत लिहिलेलं आहे. शिवाय काम तेवढ्यापुरत्या उभ्या केलेल्या अनेक मशीनवर वाटलं जातं. नुसती भाषा बदलून वेग येतो असं मानणाऱ्यानं हा हिशेब समोर ठेवावा.

रस्टचा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतोच: गो शिकू की रस्ट? रस्टची १.० आवृत्ती मे २०१५ मधली. तिच्यात ‘नल’ नाही, वापरून झालेली मेमरी आपोआप मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर नाही, आणि गोचा रेस डिटेक्टर जे प्रोग्राम चालताना शोधतो त्यातलं बरंच काही तिचा कंपायलर आधीच नाकारतो. डिस्कॉर्डनं २०२० मध्ये आपली एक सर्व्हिस गोवरून रस्टवर नेली, कारण गोचा गार्बेज कलेक्टर दर दोन मिनिटांनी जागा होऊन रिक्वेस्ट रेंगाळवत होता. उलट बाजूनं, मायक्रोसॉफ्टनं मार्च २०२५ मध्ये टाइपस्क्रिप्टचा कंपायलर गोमध्ये आणत असल्याचं जाहीर केलं; व्हीएस कोड या एडिटरचा सारा कोड तपासायला जिथे जवळजवळ ७८ सेकंद लागत, तिथे साडेसात लागू लागले. दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिली नोकरी बॅकएंडमध्ये करायची असेल तर मी गोच सांगतो. रस्ट शिकताना पहिले काही महिने भाषेशीच झुंजण्यात जातात, आणि त्या महिन्यांत डेटाबेस, नेटवर्क, टाइमआउट यांच्याशी गाठ पडत नाही. ती गाठ लवकर पडायला हवी.

साहित्याची अडचण इंग्रजीची आहे. ‘अ टूर ऑफ गो’ हा मोफत पाठ ब्राउझरमध्ये, अगदी फोनवरही करता येतो. डोनोव्हन आणि कर्निगन यांचं २०१५ चं पुस्तक अजूनही उत्तम आहे, फक्त जेनेरिक्स त्यात नाहीत. ते मार्च २०२२ मध्ये १.१८ सोबत आले. पण सर्वांत चांगलं साहित्य गोची स्वतःची स्टँडर्ड लायब्ररी आहे. तिचा सगळा कोड खुला आहे, बराचसा गोमध्येच आहे, आणि सगळ्यांचा कोड एकाच शिस्तीत बसवणाऱ्या ‘गोएफएमटी’मुळे वाचायला कुठे अडखळायला होत नाही. ज्याला इंग्रजी पुस्तकाचं पान जड जातं, त्याला तो कोड बरेचदा सहज वाचता येतो. आता एआयची साधनं मिनिटात शंभर ओळी लिहून देतात. त्या ओळींत एरर कुठे गिळली आहे, टाइमआउट कुठे राहिला आहे, हे वाचून ओळखणारा माणूस लागतोच, आणि ती नजर वाचूनच तयार होते.

जे वाचक कॉलेजात शिकवतात, त्यांना एक विनंती. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा घेताना, विद्यार्थ्याचा डेमो नीट चालू असताना, त्याला त्याच्याच हातानं डेटाबेस बंद करायला सांगा. मग पुन्हा तेच बटण दाबायला सांगा आणि पडद्यावर काय येतं ते दोघं मिळून बघा. शंभरातले तीस गुण त्यासाठी ठेवा. भाषा गो असो, जावा असो, पायथन असो, या एका बदलासाठी अभ्यासक्रम मंडळाची परवानगी लागत नाही. येत्या परीक्षेपासून करता येईल.